तुम्ही विचारलंत म्हणून: रेकॉर्ड लेबलांच्या त्या संघटनेला तू वर्गणी भरतेस, तिच्याकडून तुला मिळतं काय?

हा प्रश्न मला सगळ्यांत आधी दादाने विचारला. ठाण्याच्या घरी, माझ्या हिशेबाच्या कागदावर वर्गणीच्या आकड्याशी पेन्सिलीचं टोक टेकवून. तो सीए आहे, त्याच्या जागी तो बरोबरच होता. मग लंडनच्या महाराष्ट्र मंडळात प्रसादाच्या रांगेत कुणी विचारलं. हल्ली पुण्या-मुंबईहून एखादा गिटारवाला, एखादा रॅप करणारा मुलगा व्हिडिओ कॉलवर विचारतो आणि वर जोडतो, "ताई, आपल्याकडे असं काही का नाही?" प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलंय. दोघा-तिघांना तर चक्क थाप मारलीय. तेव्हा आता एकदाच काय ते लिहून टाकते.

संघटना म्हणजे 'असोसिएशन ऑफ इंडिपेंडंट म्युझिक', ब्रिटनमधल्या स्वतंत्र रेकॉर्ड लेबलांची, म्हणजे गाणी रेकॉर्ड करून बाजारात आणणाऱ्या कंपन्यांची. आद्याक्षरं जोडून आम्ही तिला नुसतं 'एम' म्हणतो. आणि माझं लेबल म्हणजे मी, आठवड्यातून दोन दिवस येणारी एक मुलगी आणि लंडनमधल्या हॅरोच्या घरातली मागची खोली. बरंचसं रेकॉर्डिंग ख्याल गायकीचं, थोडं इथल्या मुलांचं जॅझ. एखाद्या सीडीच्या हजार प्रती काढल्या की आमच्याकडे दिवाळी.

"जिथे अडेलसारख्या गायिकेची कंपनी, तिथे तू काय करतेस?" असंही विचारतात. त्याचं उत्तर सोपं आहे. स्वतंत्र म्हणजे छोटं नव्हे. युनिव्हर्सल, सोनी, वॉर्नर या तीन बड्या संगीत कंपन्यांपैकी कुणाकडेही निम्मी मालकी नसली की तुम्ही स्वतंत्र. अडेलचे पहिले तीन अल्बम इथे ज्या एक्सएलने काढले ते लेबल स्वतंत्र आणि मीही स्वतंत्र. हत्ती आणि मुंगी एकाच रेशनकार्डावर. हे मला आवडतं असं नाही, पण हत्ती सोडून नुसत्या मुंग्यांचं शिष्टमंडळ घेऊन कुणाच्या दारात जाणार?

आणि दारं मोठीच असतात. २०१४ मध्ये यूट्यूबने गाण्यांची वर्गणीवाली सेवा काढायची ठरवली आणि स्वतंत्र लेबलांपुढे करार टाकला. सही करा, नाहीतर तुमचे व्हिडिओ अडवू. मी एकटीने सही नाकारली असती तर तिथल्या कुणाच्या चहाच्या कपातलं पाणीही हललं नसतं. संघटनांनी जगभर बोंब मारली, त्या वर्षाअखेरीला करार झाला. २०१५ मध्ये ॲपलने आपली सेवा आणली. ग्राहकाला तीन महिने फुकट, आणि त्या तीन महिन्यांचे आम्हालाही शून्य. म्हणजे तुमच्या दुकानाच्या उद्घाटनाचे पेढे माझ्या पैशाने. एमने सभासदांना सावध केलं, जाहीर विरोध केला. मग २१ जूनला गायिका टेलर स्विफ्टचं जाहीर निषेधाचं पत्र आलं आणि ॲपल त्याच दिवशी नमली. लोकांच्या लक्षात राहिलं ते पत्र. राहू दे. मात्र "तुमची संघटना काय करत होती?" असं कुणी म्हणालं की माझा आवाज चढतो, हे खरं.

मर्लिनचं उदाहरणही मी देते. एमच्याच गोतावळ्यातल्या लेबलांनी डिजिटल करार एकत्र करायला ही वेगळी संस्था काढली. २००८ मध्ये ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफायशी करार करताना तिने थोडे शेअर घेतले, ते २०१८ मध्ये विकले आणि पैसे सभासदांत वाटले. डिस्ट्रिब्युटरमार्फत माझ्यापर्यंत झिरपत आले त्यात आम्ही दोघी साउथॉलला पोटभर जेवलो. गुलाबजामसकट.

तर हे झालं पाठ केलेलं उत्तर. दादाला मी हेच ऐकवते. खोटं त्यात काही नाही, पण मी वर्गणी का भरते याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. खरं कारण २०११ चं आहे आणि तेव्हा मी सभासदच नव्हते.

२००९ मध्ये मी वर्गणी बंद केली होती. मंदीचं वर्ष, दुकानांतून सीड्या परत येत होत्या आणि मी दादाचाच प्रश्न स्वतःला विचारला, मिळतं काय? दर महिन्याला एक पत्रक, वर्षातून दोन सभा, आणि सभेत माझ्याशी कोण बोलतं तर माझ्यासारखंच कोपऱ्यात कॉफी घेऊन उभं असलेलं कुणीतरी. त्या वेळच्या मला आज काय सांगू? ती मूर्ख नव्हती. तिच्या खात्यात खरंच पैसे नव्हते. पण नूतनीकरणाच्या पत्राला तिने उत्तरात जे लिहिलं, "तुमच्या संघटनेत आमच्यासारख्यांना जागा नाही", ते लिहायची गरज नव्हती. नुसतं "सध्या जमत नाही" म्हणून भागलं असतं.

२०१० च्या हिवाळ्यात पुण्याच्या एका बुवांचं रेकॉर्डिंग आम्ही इथे एका चर्चमध्ये दोन रात्रीत केलं. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. वय अठ्ठ्याहत्तर. हीटर लावला की तंबोरे उतरायचे, बंद केला की बुवांचे गुडघे धरायचे. शेवटी हीटर बंद आणि मांडीवर दोन गरम पाण्याच्या पिशव्या, असा राग जोग झाला. पण बुवांना गाण्याइतकीच ओढ होती चिजांची, म्हणजे बंदिशींच्या शब्दांची. गुरूंकडून मिळालेल्या आणि कुठे छापलेल्या नसलेल्या चिजा त्यांनी मला शब्द न् शब्द सांगून लिहून घ्यायला लावल्या. कोणता पाठ कुणाचा, कुठे अर्थ लागत नाही, सगळं. दोन सीड्या आणि चोवीस पानांची पुस्तिका. देवनागरी मजकूर इथल्या छापखान्यात दर वेळी फुटायचा, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा. सहा वेळा प्रूफं तपासली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हजार प्रती तयार झाल्या. पंचवीसचं एक खोकं मी घरी आणलं, बाकीची एकोणचाळीस खोकी डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात गेली. सप्टेंबरात प्रकाशन.

८ ऑगस्टला सोमवार होता. टॉटनहॅमला शनिवारी सुरू झालेली दंगल शहरभर पसरली होती. आई तेव्हा माझ्याकडे आलेली. रात्री टीव्हीवर हेलिकॉप्टरमधून एक आग दाखवत होते, एन्फील्डमधलं मोठं गोदाम. आई म्हणाली, "कुणाचं गं असेल? बिचारे." मी म्हटलं, "झोप आता." आमचा माल नेमका कोणत्या इमारतीत असतो हे मला माहीत नव्हतं. मी तिकडे कधी गेलेच नव्हते. माझ्यासाठी गोदाम म्हणजे बिलावरची एक ओळ होती.

सकाळी मेल आला. शंभराहून जास्त स्वतंत्र लेबलांचा माल त्या एका छपराखाली होता, आणि गोदाम होतं एका बड्या कंपनीचं. स्वतंत्र, स्वतंत्र म्हणून मिरवणाऱ्या आमची खोकी त्यांच्याच फडताळावर. माझी अकरा शीर्षकं, चार हजारांवर सीड्या, सहाशे एलपी. मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, घरी होते, सुरक्षित. आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, "मी काल बिचारे म्हटलं ना गं."

दोन दिवसांनी एमच्या कचेरीतून फोन आला. एक तरुण मुलगी होती. किती माल गेला, तातडीने काय छापायला हवं, नुकसान झालेल्या लेबलांसाठी मदतनिधी उभा राहतोय, तुमचं नाव लिहू का? सभासद आहात का, हे तिने विचारलंच नाही. तिला ठाऊक नसेल किंवा ठाऊक असूनही विचारायचं नसेल. मी स्वयंपाकघरात उभी होते, ओट्यावर कणीक मळलेली तशीच. आणि मला आठवलं ते माझं वाक्य, "आमच्यासारख्यांना जागा नाही." मी म्हटलं, "आमचं ठीक आहे. ज्यांना जास्त गरज आहे त्यांना द्या." ती म्हणाली, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की."

आईला इंग्रजी फारसं येत नाही, पण तिने विचारलं, "काय गं, देत होते का काही?" मी नाही म्हणाले. एवढ्या एका मिनिटात दोन वेळा खोटं बोलले.

याला कुणी स्वाभिमान म्हणतं, आणि मीही काही वर्षं तेच म्हणायचे. पण तो स्वाभिमान नव्हता, लाज होती, आणि त्या लाजेची किंमत मी भरली नाही. बुवांना फोन केला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "टेप आहे ना?" आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग झालं तर." आणि थोडं थांबून, "पुस्तिका पुन्हा काढाल ना?" काढू म्हटलं. काढली नाही. विम्याचे पैसे दुसऱ्या उन्हाळ्यात आले तेही फक्त उत्पादनखर्चाचे, आणि तोवर छापखान्याची, स्टुडिओची, बाकीच्या कलावंतांची देणी त्यांची वाट बघत होती. सप्टेंबरातल्या प्रकाशनासाठी मी जमवाजमव करून तीनशे प्रती काढल्या. पुस्तिकेच्या जागी चार पानी घडीचा कागद, चिजांचे फक्त मुखडे. बुवांना दहा प्रती पाठवल्या. पोचल्या असा निरोप आला, त्यापलीकडे अवाक्षर नाही. दोन वर्षांनी ते गेले.

त्या फोनवर मी "लिहा नाव" म्हटलं असतं तर पुस्तिका निघाली असती का? असती बहुतेक. अगदी नक्की सांगता येत नाही, आणि या "बहुतेक"मध्ये मी चौदा वर्षं अडकले आहे.

त्या गोदामाची एक शेपटी कोर्टात राहिली. दंगलीत मालमत्ता गेली तर पोलिसांच्या निधीतून भरपाई देणारा १८८६ चा एक कायदा होता. त्यात बुडालेला नफा येतो का, यावर विमा कंपन्या आणि पोलीस खातं सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. २०१६ मध्ये निकाल लागला. इमारत येते, माल येतो, नफा येत नाही. मी तो निकाल संपूर्ण वाचला. न निघालेली पुस्तिका कुठल्या रकान्यात येते ते बघायला, असं म्हटलं तर नाटकी वाटेल, पण वाचला हे खरं.

२०१२ च्या जानेवारीत मी पुन्हा वर्गणी भरली. कृतज्ञता म्हणून? थोडीशी. प्रायश्चित्त म्हणून? दादा म्हणतो तसं असेल, तर ते हप्त्याने चाललंय आणि व्याजही फिटत नाही. पटलं म्हणून? काही वर्षी पटतं, काही वर्षी नाही.

नाही पटत त्याचं एक उदाहरण. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत हजारपेक्षा कमी वेळा ऐकलेल्या ट्रॅकला पैसे मिळत नाहीत. माझे निम्म्याहून जास्त ट्रॅक त्यात गेले. बुवांचा जोग बेचाळीस मिनिटांचा आहे. कुणी तीस सेकंद ऐकला की एक, आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला तरी एकच. हत्तींना या नियमाचा त्रास नाही, उलट आमच्यासारख्यांचे वाचलेले पैसे त्यांच्याकडेच वळतात. मग संघटनेने कुणाच्या बाजूने बोलायचं? सभेत मी हे विचारलं. उत्तर सभ्य होतं. घरी येताना ट्यूब रेल्वेत २००९ ची ती बाई माझ्या शेजारी बसली होती आणि गालात हसत होती.

आणि तेव्हा ज्यांच्यातर्फे माझा माल दुकानांत जायचा, ती कंपनी २०२४ मध्ये पूर्णपणे युनिव्हर्सलची झाली. तरी मालकीच्या व्याख्येप्रमाणे मी अजून स्वतंत्र.

पुण्याच्या मुलांना मात्र मी काय सांगावं हे मला खरोखर कळत नाही. भारतात कंपन्यांची संघटना १९३६ पासून आहे, ती नाही असं समजू नका. पण तिकडचा बाजार सिनेमाच्या गाण्यावर उभा आहे, आणि खोलीत बसून चार गाणी काढणाऱ्या तुमचं दुखणं वेगळं आहे. एकत्र या म्हणणं सोपं असतं. पहिली दोन वर्षं सभेला पाच जण येतील, त्यातले तीन भांडतील, आणि चहाचे पैसे एकालाच द्यावे लागतील. तो एक होण्याची तयारी असेल तर मला फोन करा. मी त्यातली नव्हते, म्हणून नीट सांगू शकेन.

घरी आणलेल्या त्या खोक्यात आता चार प्रती उरल्यात, पुस्तिकेसकट. एक मी मागच्या वर्षी दादाला दिली. त्याने चोवीसही पानं चष्मा लावून वाचली, सतराव्या पानावर ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक काढली, आणि मग विचारलं, "यंदाची वर्गणी भरलीस?"