गरम जॉब मोजायचा नसतो

जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या आमच्या कारखान्यात दर सप्टेंबरात शिकाऊ पोरं येतात, 16-17 वर्षांची. परवा एकानं लेथवरून काढलेला जॉब, म्हणजे कापून घडवलेला पोलादाचा तुकडा, तसाच मायक्रोमीटरला, बारीक मापाच्या साधनाला, लावला. माइस्टरनं, म्हणजे शिकवणाऱ्या उस्तादानं, त्याचा हात थांबवला. "हा आत्ता किती गरम आहे?" मग अर्धा तास फळ्यापाशी. एक मीटर पोलाद दर अंशाला साधारण 11.5 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. म्हणजे 50 मिलिमीटरचा जॉब 40 अंशांनी तापला, की 23 मायक्रॉन जाड होतो. खरं माप 20 अंश तापमानाचं धरायचं. जॉब थंड झाल्यावर पोराला परत मोजायला लावलं, फरक त्याच्याच तोंडून वदवून घेतला आणि वहीत उतरवायला सांगितला.

मी शेजारच्या मशीनवर होतो. मला वाळूज आठवलं.

आयटीआय करून गंगापूरहून वाळूजच्या एका वर्कशॉपात लागलो होतो. मे महिना, वर तापलेला पत्रा. ट्रेनिंग म्हणजे "त्याच्याजवळ उभा राह्य, बघून शीक." जॉब काढला की लगेच मोजायचो, माप बरोबर यायचं. एसी खोलीत तपासणीला गेले तेव्हा सगळे बारीक निघाले. अख्खा लॉट भंगारात. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "डोळे फुटले का रे तुझे?" पगारही कापला. माझा हातच वाईट आहे, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो.

इथं टर्निंग-मिलिंगची आउसबिल्डुंग (शिकाऊ प्रशिक्षण) साडेतीन वर्षांची असते. आठवड्यातून एक-दोन दिवस शाळा, बाकी कारखाना आणि पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन. त्याचा कायदा 1969 चा. आपला शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा, म्हणजे आठ वर्षं आधीचा! कायदा आपल्याकडं आहेच. फळ्यापाशी घालवायचा तो अर्धा तास नाही. "शिकवलं की पोरगं दुसरीकडं पळतं," असं मालक म्हणतात. खरंय, काही पळतात. पण न शिकवलेलं पोरगं तिथंच राहून रोज माल खराब करतं, त्याचा हिशोब कुणी मांडत नाही. आणि ते पोरगं मनातून खचतं, ते तर कुठल्याच वहीत येत नाही.

रविवारी भाच्याचा फोन आला. तोही आता वाळूजलाच लेथवर आहे. रिजेक्शन फार येतंय म्हणाला.

"जॉब थंड करून मोजतोस का रे?"

तो जरा वेळ गप्प राहिला. "थंड करावा लागतो व्हय, मामा?"