काकांची लाल वही

१ एप्रिलला आमच्या बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या कारखान्यात स्टोअरचं नवं सॉफ्टवेअर सुरू झालं आणि ५ तारखेला लाइन थांबली. सिस्टीममध्ये तांब्याची पट्टी १०२ किलो शिल्लक होती. रॅकवर धूळ. शिल्लक दिसतेय म्हणून ऑर्डर न देणारी खरेदीवाली मीच.

खापर फुटलं स्टोअरच्या काकांवर. काका दांडिया बाजारातले, एकतीस वर्षं याच खुर्चीत. बिन कार्डं, म्हणजे मालाची आवक-जावक हाताने लिहायची कार्डं, बंद, असं सर्क्युलर निघाल्यावरही त्यांची लाल वही खणात चालूच होती. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "जुन्या लोकांना बदल नकोच असतो." मीही मान डोलावली. ट्रेनिंग तरी काय दिलं होतं आम्ही? प्रोजेक्टरसमोर दोन तास, त्यातला अर्धा तास सेव उसळीचा.

संध्याकाळी काकांकडे वही मागितली. "घ्या की ताई. लपवायचंय काय?" समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: २५ × ६, १.३४.

पट्टी येते किलोवर, कापायला जाते मीटरवर. २५ बाय ६ मिलिमीटरची पट्टी मीटरला साधारण १.३४ किलो भरते. म्हणजे ४०० किलोचे जेमतेम २९८ मीटर. आम्ही सिस्टीमला एकच एकक दिलं होतं, किलो. पोरं इश्यू करताना मीटरचा आकडा टाकत गेली. २९८ वजा झाले, माल संपला, कागदावर १०२ उरले.

"आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कोणी?"

सयाजीरावांनी सक्तीचं शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीकडच्या मोजक्या गावांत लावून पाहिलं, सगळ्या संस्थानाला लागू केलं १९०६ मध्ये. हुकूम काढायची ताकद असलेला राजा तेरा वर्षं थांबला. बडोद्याच्या शाळेत हे पाठ करून मार्क मिळवलेली मी, अडीच हजार आयटम एका रात्रीत फिरवून मोकळी झाले होते!

मग पुन्हा सुरुवात, एकाच रॅकपासून. कुठला, ते काकांनी ठरवलं: नट-बोल्ट. "चुकलं तर चार बोल्ट जास्त येतील, लाइन नाही थांबणार." तीन आठवडे स्कॅनरही चालला, वहीही, आणि रोज साडेपाचला दोन्हींचा मेळ. पहिल्या दिवशी सतरा फरक निघाले. त्यातले दोन काकांचे होते. ते त्यांनी स्वतःच लाल पेनने गोल केले, आणि त्या दिवसापासून पोरंही आपल्या चुका दाखवायला लागली.

बुशिंगच्या एका ब्रॅकेटला सगळा कारखाना 'बेडूक' म्हणतो. सिस्टीममध्ये त्याचा अकरा आकडी कोड आहे. काकांच्या हट्टाने आता 'बेडूक' टाइप केलं तरी तो सापडतो. साहेबांना हे अजून माहीत नाही.

सॉफ्टवेअरवाला पोरगा अहमदाबादहून आला की हल्ली आधी काकांच्या टेबलापाशी जातो. लाल वही चालू आहे. बंद करा असं मी सांगितलेलं नाही.