थंड बी अन् कोरडी बी: दर्यापूरकडं पिकलबॉलची पॅडलं सांभाळायचा माझा अनुभव

पिकलबॉल म्हणजे नेटवरून छिद्रांचा प्लॅस्टिकचा बॉल मारायचा खेळ, अन् पॅडल म्हणजे त्याची चपटी बॅट. या पॅडलच्या खोक्यात एक कागद येते, त्यावर लिहिलेलं असते की थंड आणि कोरड्या जागी ठेवा. ठीक आहे. आता मे महिन्यात दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यात थंड बी अन् कोरडी बी अशी जागा कुठं आहे ते सांगा भाऊ. जे कोरडं ते तापलेलं, जे थंड ते कूलरनं ओलं. या एका ओळीपायी मी अख्खा उन्हाळा घरभर पॅडलं घेऊन फिरलो, म्हणून लिहून राहिलो.

आमच्या गावात हा खेळ पुण्याहून दिवाळीला आलेल्या एका पोट्ट्यानं आणला. झेडपी शाळेच्या मागं सिमेंटचं बॅडमिंटन कोर्ट होतंच. डबल्सचं कोर्ट २० बाय ४४ फूट, पिकलबॉलचं पण तेवढंच, फक्त नेट खाली घ्यायची, मधात ३४ इंच अन् कडेला ३६, आणि नेटच्या दोन्ही बाजूनं सात-सात फुटावर किचनची (नेटजवळच्या पट्ट्याची, जिथं उभं राहून बॉल हवेतल्या हवेत मारता येत नाही) रेषा चुन्यानं मारायची, झालं. वर्गणी करून पॅडलं घेतली. माझं कृषी केंद्र कोर्टाच्या समोरच, त्यामुळं कोणी न विचारता सगळी पॅडलं माझ्याकडंच येऊन पडली.

दुकानाच्या गोडाऊनमध्ये ठेवायचा प्रश्नच नव्हता. वर टिन, आत फवारणीची औषधं, त्यातल्या बऱ्याच औषधांमध्ये सॉल्व्हंट असते, तो वास अन् ती वाफ पॅडलच्या गोंदाला कशाला दाखवा. आधी हे समजून घ्या की पॅडल म्हणजे लाकडाची फळी नाही. आत पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि वर दोन्हीकडून कार्बन फायबर नाहीतर फायबरग्लासचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असते. पॉलिप्रॉपिलीन वितळायला १६० डिग्रीच्या आसपास लागतात, तेवढं आपल्याकडं अजून तरी होत नाही, पण पापुद्रा धरून ठेवणारा गोंद त्याच्या कितीतरी आधी ढिला पडते.

आमच्यातल्या एकाचं पॅडल असंच गेलं. अकोल्याला लग्नाला गेला, पॅडल गाडीच्या डिक्कीत, गाडी दिवसभर मंगल कार्यालयाच्या बाहेर उन्हात. बाहेर ४५ असलं की बंद गाडीत सहज साठच्या वर जाते. दुसऱ्या दिवशी खेळायला आला तर बॉल गोळीसारखा सुटून राहिला. पोट्टे खुश, सगळ्यांना तेच पॅडल पाहिजे! मी बोटाच्या पेरानं टकटक करून पाहिलं, कडेला टणक आवाज अन् मधात एका जागी बद्द. अंगठ्यानं दाबलं तर तिथला पापुद्रा जरासा आत जाऊन परत वर येते. म्हणजे पापुद्रा जाळीपासून सुटला, याला डिलॅमिनेशन म्हणतात, आणि असं पॅडल स्पर्धेत चालत नाही, कारण बॉल त्यावरून ट्रॅम्पोलीनसारखा उडते. ज्याच्याकडून घेतलं होतं त्याला व्हिडिओ पाठवला, त्यानं दोन दिवस गोड गोड बोलून तिसऱ्या दिवशी सांगितलं की उष्णतेनं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. विदर्भात पॅडल विकता अन् उष्णता वॉरंटीत नाही म्हणता, वा रे वा.

मग मी दुकानातलं थर्मामीटर काढलं आणि दुपारी तीनच्या सुमाराला घरात एकेका खोलीत लावून पाहिलं. स्लॅबच्या वरच्या खोलीत चाळीसच्या वर, रात्रीपर्यंत उतरतच नाही. कूलरच्या खोलीत एकदम छान, तिशीच्या जरा वर, पण तिथं ग्रिपला हात लावला तर चिकट. चार दिवस तिथं ठेवलेल्या पॅडलच्या ओव्हरग्रिपला, म्हणजे दांड्यावर गुंडाळायच्या पट्टीला, आंबूस वास यायला लागला, घाम अन् कूलरचा ओलावा एकत्र झाल्यावर दुसरं काय होणार.

जागा सापडली ती आजीच्या जुन्या घरात. धाब्याचं घर आहे, मातीच्या भिंती हातभर जाड, वर पांढऱ्या मातीचं धाबं. बाहेर नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) पेटलेला असताना आतल्या खोलीत ३४-३५, अन् हवा कोरडी. भिंतीतल्या कोनाड्यात पॅडलं कव्हर घालून उभी लावून दिली. उभीच लावायची, एकावर एक रचून वर काही वजन ठेवू नका, पापुद्रा आत दबला की गेला.

पण तिथं उंदीर. घामाचं मीठ लागलेली ग्रिप म्हणजे त्यांना मेजवानीच, एका पॅडलच्या दांड्याची कड कुरतडली. म्हणून आजीची पत्र्याची रिकामी कोठी मागितली. आजी म्हणे, "काहून रे बाप्पा, ज्वारी ठेवाच्या कोठीत फळ्या ठेवतं?" पण दिली, अन् खाली कडूनिंबाचा पाला फडक्यात बांधून टाकून बी दिला. डांबरगोळ्या मात्र मी टाकू दिल्या नाही, नको ते केमिकल कशाला. कोठीचं झाकण लावायच्या आधी ग्रिप पूर्ण वाळलेली पाहिजे, खेळून आल्यावर तासभर पंख्याखाली ठेवायची, उन्हात नाही.

आता पुसायचं. आमच्याकडं काळ्या मातीची धूळ, ती आधी कोरड्या मऊ फडक्यानं झटकून घ्या, सरळ ओलं फडकं फिरवलं तर चिखल होऊन खरखरीत कार्बनच्या आत जाऊन बसते. मग ओलसर मायक्रोफायबर अन् अगदी थेंबभर साबण. पाण्यात बुडवायचं नाही, ॲसिटोन-थिनर तर अजिबात नाही. आणि हे खास खारपाणपट्ट्यातल्या लोकांसाठी: बोअरच्या पाण्यानं पुसू नका. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूला आपलं पाणी किती खारं आहे ते माहीतच आहे, वाळलं की पांढरा थर राहते, पॅडल काळं असल्यामुळं लगेच दिसते. प्यायच्या आरओचं पाणी वाटीभर घ्या, पुरते. बॉलच्या प्लॅस्टिकचा पिवळट थर मात्र पाण्यानं जात नाही, तो असला की स्पिन कमी होते. त्याला कच्च्या रबराचा ठोकळा येते, तो हलक्या हातानं घासायचा. सुताराच्या सँडिंग मशीनचा पट्टा साफ करायचा रबर पण तसाच असते, मी तोच वापरतो. सँडपेपर चुकूनही नाही, खरखरीतपणा वाढण्याऐवजी निघून जाते.

पावसाळ्यात सगळं उलटं. धाबं गळायला लागलं की कोठी तिथून हलवली, पॅडलं स्लॅबच्या घरात लोखंडी कपाटात, सोबत बुटाच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या. ओव्हरग्रिप काढून टाकली अन् पाऊस ओसरल्यावर नवीन गुंडाळली, खालच्या टोकापासून वर, बॅडमिंटनचीच चालते, दांडा आखूड असल्यामुळं थोडी उरते. एका पॅडलची कडेची पट्टी सुटत होती, तिला फटीत थोडा गोंद भरून रात्रभर चिकटपट्टीनं बांधून ठेवलं, अजून तरी टिकून आहे.

उंदरानं कुरतडलेलं पॅडल नवीन ग्रिप लावून चालू आहे. डिक्कीतलं ते पॅडल पोट्टे अजून मागतात, मी सरावालाच देतो, मॅचला नाही, यावरून दर रविवारी भांडण. हिवाळ्यात पॅडलला काही करावं लागत नाही, तेव्हा बॉल फुटतात, पहाटेच्या थंडीत ४० छिद्रांचा बॉल जोरात मारला की सरळ चीर पडते, त्याची वर्गणी अजून जमायची आहे.