उद्यापासून बंद करू का?

"बाई, तुम्ही झोपेची गोळी सोडलीत ना? मग मीही उद्यापासून बंद करते."

आमराईत सकाळी फिरताना, भिशीत, लग्नाच्या पंगतीत, कधी रात्री साडेदहाला फोनवर हे वाक्य माझ्या कानावर येतं. विचारणारी बहुतेक वेळा साठीच्या आसपासची असते, कधी तिचा मुलगा नाही तर सून. चालता चालता दिलेलं उत्तर अर्धवट राहतं आणि या बाबतीत अर्धवट उत्तर घातक ठरू शकतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट बसून लिहिते. गोळी सुटते, पण उद्यापासून बंद करू नका.

मी सांगलीच्या गावभागात राहते. तीस वर्षं हायस्कूलला शास्त्र शिकवलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जाताना मी वरून बघत होते. पाणी उतरलं, चिखल काढला, भिंती धुतल्या, पण झोप काही परत आली नाही. डोळा लागला की पाण्याचा आवाज यायचा. नेहमीच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम लिहून दिली. पाव मिलिग्रॅमची, रात्री एक, पंधरा दिवस. पहिल्याच रात्री मी सलग सहा तास झोपले. त्या गोळीचे उपकार मी आजही नाकारत नाही. संसार पाण्यात गेलेल्या माणसाला पंधरा रात्री झोप मिळणं फार मोठी गोष्ट आहे.

घोळ झाला तो पंधरा दिवसांनंतर. कुणी थांबवलं नाही आणि मीही थांबले नाही. आधी त्याच जुन्या चिठ्ठीवर, पुढे पुढे चिठ्ठीशिवाय, ओळखीच्या दुकानातून स्ट्रिप येत राहिली. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं आणि एकीच्या दोन गोळ्या झाल्या. अशी साडेतीन वर्षं गेली. खरं तर अल्प्राझोलाम आणि तिच्यासारखीच डायझेपाम 'शेड्यूल एच-वन' या सरकारी यादीत येतात. १ मार्च २०१४ पासून या यादीतल्या औषधांसाठी दुकानदारानं वेगळी वही ठेवायची आहे. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या, सगळं लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेणं धोक्याचं आहे, हे पाकिटावर लाल चौकटीत छापलेलं असतं. प्रयोगशाळेत मुलांना बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय हात लावू द्यायचे नाही मी, पण माझ्या उशाशी असलेल्या स्ट्रिपवरची चौकट साडेतीन वर्षांत एकदाही वाचली नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

या गोळ्यांचं कुटुंब बेंझोडायझेपिनचं. पहिली १९६० मध्ये बाजारात आली आणि डायझेपाम १९६३ मध्ये. त्याआधीच्या बार्बिट्युरेट नावाच्या झोपेच्या गोळ्यांपेक्षा सुरक्षित, म्हणून जगभर हातोहात खपल्या. सवयीची गोष्ट हळूहळू लक्षात आली. १९८८ मध्येच ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीनं डॉक्टरांना सांगितलं होतं की दोन ते चार आठवड्यांपुढे या देऊ नका. अमेरिकेच्या औषध खात्यानं २०२० मध्ये या सगळ्या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर सवय आणि गोळी तोडल्यावरच्या त्रासाबद्दल सर्वात कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे मात्र "झोपेची साधी गोळी" हेच नाव चालतं.

ओळखायची कशी? स्ट्रिपवर कंपनीनं दिलेल्या नावासोबत औषधाचं मूळ नाव असतं. त्याच्या शेवटी 'पाम' किंवा 'लाम' दिसलं की समजा: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, एटिझोलाम. एसिटालोप्राममधलं 'प्राम' वेगळं, ती उदासीनतेवरची गोळी, पण तिच्यात क्लोनाझेपाम मिसळलेली जोडगोळी आपल्याकडे सर्रास मिळते. आणि पोटाची म्हणून घेतात त्या काही गोळ्यांमध्ये क्लोरडायझेपॉक्साइड असतं, तेही याच घरातलं. माझी एक मैत्रीण कित्येक वर्षं 'गॅसची गोळी' घेत होती. ती संपली की तिला दोन दिवसांत घाबरायला व्हायचं आणि घरचे म्हणायचे, पित्त चढलं.

आता इंदूरचं सांगते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये भाचीच्या लग्नाला गेलो आणि स्ट्रिप घरीच राहिली. मला वाटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. पहिल्या रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी हाताला कंप सुटला, अक्षता टाकताना मुठीतून सांडत होत्या. घाम, छातीत धडधड, तोंडाला पैशासारखी चव. मंडपातले दिवे डोळ्यांना टोचत होते. बँड वाजायला लागला तेव्हा कान दाबून मी खोलीत जाऊन बसले. तिसऱ्या रात्री भिंतीतून पाण्याचा आवाज यायला लागला. तिथल्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं, कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. "रोज काही घेता का?" या प्रश्नावर मी बीपीची आणि थायरॉइडची गोळी सांगितली. झोपेची गोळी सांगायचं सुचलंच नाही, कारण ती औषध आहे असं मी कधी धरलंच नव्हतं.

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी गोळी घेतली. तासाभरात सगळं शांत. आणि त्या क्षणी मी जे मनाशी म्हटलं, तेच आज तुमच्यातल्या कित्येकजणी म्हणतात: "बघ, गोळीशिवाय तुझं होत नाही. तुझा आजार अजून आहे."

इथेच माणूस अडकतो. मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, त्याचं काम ब्रेकचं. गोळी या ब्रेकचा जोर वाढवते. काही आठवड्यांत मेंदू तो जोर गृहीत धरतो आणि स्वतःची तयारी कमी करतो. मग गोळी एकदम काढली की ब्रेक ढिले आणि गाडी उतारावर. जी लक्षणं येतात ती मूळ आजारासारखीच दिसतात: झोप जाते, भीती वाटते, छाती धडधडते. त्यामुळे ज्या गोळीनं त्रास उभा केला तीच त्यावरचा उपाय वाटते. मला साडेतीन वर्षं रोज दिवेलागणीला घाबरं व्हायचं. सगळे म्हणायचे, कातरवेळ आहे, या वयात होतं असं. अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण साधारण अकरा-बारा तासांत निम्म्यावर येतं. रात्री दहाला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बरीचशी ओसरलेली असायची. माझी कातरवेळ म्हणजे पुढच्या गोळीची मागणी होती.

हे मला समजावून सांगितलं मिरजेच्या मनोविकारतज्ज्ञांनी. मुलगी जबरदस्तीनं घेऊन गेली. मी तिथेही म्हटलं, "अर्धाच मिलिग्रॅम तर घेते, आजपासून बंद करते." ते म्हणाले, "अल्प्राझोलामचा अर्धा म्हणजे डायझेपामचे साधारण दहा. कस्पटाएवढं नाही ते." आणि मग म्हणाले, "बाई, कोयनेतून पाणी थोडं थोडं सोडलं तर नदी पात्रातून जाते. सगळे दरवाजे एकदम उघडले तर काय होतं, ते गावभागातल्या माणसाला मी काय सांगू?" मला दुसरं काही समजावून सांगावं लागलं नाही. बऱ्याच वर्षांची किंवा मोठ्या मात्रेची गोळी एका दिवसात तोडली तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

माझी गोळी महिनाभरात डायझेपामवर नेली. डायझेपाम शरीरात जास्त वेळ टिकते, त्यामुळे चढउतार कमी होतात. मग दर तीन-चार आठवड्यांनी एकेक मिलिग्रॅम कमी. दहावरून आठवर आले तोवर पावसाळा लागला. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे दर तासाला फोनवर "आयर्विनला किती फूट?" हेच चालतं, त्यामुळे डॉक्टर म्हणाले, पाण्याचे महिने जाऊ देत, आहे तिथेच थांबा. सप्टेंबरला पुन्हा उतरायला लागलो. शेवटचे दोन मिलिग्रॅम सर्वात अवघड गेले, ते अर्ध्या-अर्ध्यानं कमी केले. मे २०२४ च्या अखेरीला शेवटचा तुकडा घेतला. एकूण पंधरा महिने. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला डॉ. हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं या गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवलं. त्यांचाही भर यावरच होता की वेग पेशंटच्या तब्येतीनं ठरवायचा. तेव्हा माझं वेळापत्रक उतरवून घेऊ नका. कुणाला आहे तीच गोळी कमी करत नेतात, कुणाला दोन महिने पुरतात, कुणाला दोन वर्षं लागतात. लिव्हरचा त्रास असेल तर डायझेपाम चालेलच असं नाही. ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

दोन मिलिग्रॅमची गोळी हरभऱ्याच्या डाळीएवढीसुद्धा नसते. पहिल्यांदा सुरीनं कापायला गेले तर अर्धी उडून कपाटाखाली गेली आणि उरलेल्या अर्धीचा भुगा झाला. त्या रात्री मी रडले, कारण तेव्हा एवढंसं कमीजास्त झालेलंही अंगाला कळत होतं. मग सुनेनं मेडिकलमधून पातं बसवलेली प्लॅस्टिकची डबी आणली. रविवारी सकाळी चष्मा लावून, स्टीलच्या ताटलीत आठवड्याचे तुकडे कापायचे आणि सासूबाईंच्या चांदीच्या कुंकवाच्या करंड्यात ठेवायचे. शाळेतलं एक कोरं हजेरीपत्रक घरात होतं, त्यात रोजची नोंद. झोप लागली तर निळ्या शाईत 'ह', नाही लागली तर लाल 'गै'. डिसेंबरच्या पानावर ओळीनं नऊ लाल खुणा आहेत. त्या नऊ दिवसांत जबडा आखडलेला, कानात किर्र आवाज, शेजारच्या घरात मिक्सर लागला तरी दचकायला व्हायचं. तेव्हा गोळी वाढवली नाही, कमीही केली नाही. तिथेच थांबलो. दहाव्या दिवशी निळा 'ह' आहे.

झोपेचं म्हणाल तर दोनच गोष्टी कामी आल्या. रात्र कशीही गेली तरी साडेपाचला उठायचं आणि झोप येत नसेल तर अंथरुणावर लोळत पडायचं नाही. चहा दुपारी चारनंतर बंद केला, तेही थोडं उपयोगी पडलं.

गोळी चालूच ठेवली तर काय बिघडतं, असंही विचारतात. वय वाढतं तशी ही गोळी अंगातून सावकाश बाहेर पडते. रात्री बाथरूमला उठताना तोल जातो, आणि सत्तरीत खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरात झालंय त्यांना विचारा. विसराळूपणा वाढतो. माझी विद्यार्थ्यांची नावं जायला लागली होती, ती आता बरीचशी परत आली आहेत. सोबत दारू किंवा ट्रमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी असेल तर झोपेत श्वास मंदावून माणूस दगावू शकतो.

मुलांना आणि सुनांना एक विनंती. आईची स्ट्रिप लपवू नका, रागाच्या भरात कचऱ्यात टाकू नका. तिला व्यसनी म्हणू नका. चिठ्ठीप्रमाणे घेतलेल्या गोळीची शरीराला सवय लागली, यात तिच्या स्वभावाचा काही दोष नाही. हा शब्द ऐकून बायका गोळी लपवून घेतात आणि डॉक्टरांपुढे खोटं बोलतात, हे मी पाहिलंय. गोळी चुकल्यावर फिट आली, माणूस असंबद्ध बोलायला लागला, भास व्हायला लागले तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा आणि जाताना रिकामी स्ट्रिप सोबत घ्या. जीव द्यावासा वाटला तर एकटं राहू नका, कुणाला तरी लगेच सांगा. सरकारची टेलीमानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही मिळते.

गेल्या गुरुवारी आमराईत एकीनं हाच प्रश्न केला. नऊ वर्षं क्लोनाझेपाम घेतेय. मैत्रिणीनं सुनावलं म्हणून आदल्या रात्री घेतलीच नव्हती. बोलताना तिच्या हातातली पाण्याची बाटली थरथरत होती. तिला बाकावर बसवलं आणि तिथूनच मिरजेच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. बोलणं झाल्यावर तिला म्हटलं, "ऐकलंस ना? आज रात्रीची गोळी नेहमीच्या वेळेला घे. सोमवारी आपण दोघी मिरजेला जाऊ. स्ट्रिप आणि असतील तेवढ्या जुन्या चिठ्ठ्या पिशवीत घालून ठेव. साडेनऊला मी तुझ्या दारात येते."