मातीची मांजर

जालना जिल्ह्यात माझ्या मामांनी दोन एकर कपाशी मोडून रेशीमकिड्यांच्या पाल्यासाठी तुती लावली, तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला रेशीम शेडच्या दारातच अडवले जाते. "पाव्हणं, तिथंच थांबा," असे मामी जावयालाही ऐकवतात. उंबऱ्याशी चुना आणि ब्लीचिंग पावडर पसरलेली असते. बाहेरच्या पायांनी रोग आत शिरला, तर आळ्यांची सगळी बॅच दोन दिवसांत हातची जाते.

आम्हाला ही शिस्त प्रशिक्षणातून मिळाली. चीनमध्ये यांगत्से नदीच्या मुखाकडील सखल प्रदेशात, ताइहू सरोवराच्या दक्षिण काठावरील हूचौ भागात मात्र ती शतकानुशतके सणावारांतून पाळली गेली, हे वाचून मला नवल वाटले. तेथे ४-५ एप्रिलला येणाऱ्या चिंगमिंग या पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाच्या सुमारास बायका केसांत रेशमाची वा कागदाची फुले माळून जत्रेला जात, रेशीमकिड्यांच्या देवीला साकडे घालत, अंडी उबावीत म्हणून ती कपड्यांच्या आत अंगाशी बाळगत आणि आळ्या बाहेर पडल्या की दारे लावून घेत. त्या महिन्यात सोयरेधायरे एकमेकांकडे जात नसत. करवसुलीसुद्धा थांबत असे. (आमच्याकडचे वसुलीवाले बॅचची तारीख विचारून येत नाहीत.) स्वयंपाकातल्या आल्याचे नाव घेणेही टाळले जाई, कारण चिनी भाषेत आले आणि आळी ताठ होणे यांचे उच्चार सारखेच आहेत. मस्कार्डिन रोगाने खडूसारख्या पांढऱ्या, कडक झालेल्या आळ्या ज्याने सुपाने भरून बाहेर टाकल्या आहेत, त्याला या समजुतीचे हसू येणार नाही.

चीनमधील रेशीम उत्पादन आणि विणकामाच्या परंपरेला युनेस्कोने २००९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. मामांना मात्र हूचौच्या तळ्यांचे अधिक कौतुक वाटले: तुती तळ्याच्या बांधावर, आळ्यांची विष्ठा माशांना आणि तळ्यातील गाळ पुन्हा तुतीला. आमचे शेततळे एप्रिलमध्येच तळ गाठते. हूचौकडची वसंतातील बॅच सुरू होते, त्याच सुमारास मामा उन्हामुळे आपली बॅच बंद ठेवतात.

उंदीर मात्र दोन्हीकडे सारखेच. हूचौकडे आळ्यांच्या खोलीत रंगवलेली मातीची मांजर ठेवत, हे मी मामींना सांगितले. त्यांनी हातातला पाला खाली ठेवून विचारले, "अन् उंदरं भेत्यात का तिला?"