मावशीची स्वारी

ग्लासगोत आल्यावर मला पहिल्यांदा कोणी आमंत्रण दिलं ते ‘स्वारी’चं. वरच्या मजल्यावरची बाई जिन्याखाली उभी राहून म्हणाली, “शनिवारी स्वारी आहे, येशील ना, हेन?” मी हो म्हणून आत आले आणि नवऱ्याला विचारलं, “कोणाची स्वारी? आणि ही मला कोंबडी का म्हणते?”

हेन म्हणजे कोंबडीच, पण ग्लासगोच्या बायका ते ‘बाळा’ किंवा ‘गं’ यासारखं लावतात. स्वारीचा उलगडा व्हायला शनिवार उजाडावा लागला. मूळ शब्द फ्रेंच, ‘स्वारे’, संध्याकाळचा समारंभ. तो स्कॉटिश तोंडात घोळून असा झालेला. चर्चच्या मागचा हॉल, लाकडी फोल्डिंग खुर्च्या, कडेला उकळणारं चहाचं भलंमोठं पिंप, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एक तपकिरी कागदाची पिशवी. आत काय असणार हे सगळ्यांना वर्षानुवर्षं पाठ: एक मटणाचा पाय, एक साखरेचा लेप दिलेला बन, एक बिस्किट, एक सफरचंद. (पाय म्हणजे खिमा भरलेली, कडक काठाची वाटीएवढी कचोरी. “हॉलमध्ये सगळ्यांना मटणाचा पाय मिळाला” असं मी आईला पत्रात लिहिलं, तर तिचं उत्तर आलं, “एवढ्या बोकडांचे पाय आणले कुठून?”)

हे १९७७ सालचं. आदल्या वर्षी आम्हाला नाइट्सवुडमध्ये महापालिकेचं घर मिळालं होतं. तिथे अशा वसाहतीला ‘स्कीम’ म्हणतात. म्हाडाची कॉलनी म्हणा, पण पुढेमागे बाग असलेली. एका इमारतीत चार घरं, दोन खाली दोन वर, आणि चौघांची दारं वेगवेगळी. १९२४ साली मजूर पक्षाच्या पहिल्या सरकारात जॉन व्हीटली हे ग्लासगोचेच मंत्री होते. त्यांनी भाड्याच्या घरांसाठी अनुदानाचा कायदा केला आणि त्या जोरावर शहरांच्या कडेला अशा वसाहती उभ्या राहिल्या. शहरातल्या कोंदट इमारतींतून, एका खोलीत सहा-सहा माणसं कोंबलेल्या संसारांतून लोक इथे आले. घरात न्हाणीघर, दारात हेजचं कुंपण. दारूचा गुत्ता मात्र औषधालाही नाही, कारण महापालिकेच्या जमिनीवर त्याला परवानगीच नव्हती. वरच्या बाईच्या मते स्कीम एवढी एकोप्याची राहिली त्याचं निम्मं कारण हेच. तिच्या नवऱ्याचं मत वेगळं होतं.

ही वरची बाई जन्मली तीच या स्कीममध्ये, १९३३ साली. आमची मुलं पुढे तिला वरची मावशी म्हणायला लागली आणि आम्हीही. मार्चमधल्या त्या चहापानाचं सगळं तिच्याकडे असायचं. चर्चच्या बायकांचं मंडळ ते भरवायचं आणि जुने शेजारी, स्कीम सोडून गेलेलेसुद्धा, बस बदलत यायचे. मार्चच का, हे मी पहिल्या वर्षी विचारलं नाही. कोणी सांगितलंही नाही.

त्या हॉलमध्ये युद्धाच्या गोष्टी चिकार निघायच्या, पण कुठल्या? तर १९४२ च्या बनवर साखरेचा लेप होता की नव्हता यावर दोन म्हाताऱ्या दरवर्षी भांडायच्या. एक म्हणायची होता, दुसरी म्हणायची, “तुझ्या बनवर असेल, तुझी आई वाटप करत होती.” साखर, लोणी आणि बेकन यांचं रेशन १९४० च्या जानेवारीत सुरू झालं, चहाचं त्याच जुलैत: माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. दोन वर्षांनी गोळ्या-चॉकलेटंही रेशनवर गेली ती थेट १९५३ पर्यंत. मावशीची वयाची नऊ ते वीस ही सगळी वर्षं त्यातच गेली. मग स्वारीच्या आधी महिनाभर बायका दारोदार फिरून चमचा-चमचा साखर गोळा करायच्या. आमच्या चाळीत गणपतीची वर्गणी मागायला यायचे तशाच, फक्त पावतीपुस्तकाऐवजी हातात जॅमची बरणी.

त्या बरणीतून एक डंपलिंग व्हायचं. ओल्या फडक्यावर पीठ भुरभुरवायचं, त्यात मैदा, मनुका, दालचिनी, चरबी यांचा गोळा ठेवायचा, पुरचुंडी बांधायची आणि कपडे उकळायच्या मोठ्या भांड्यात तासन् तास शिजवायची. फडकं सोडलं की वर चकाकणारी कातडी धरलेली असते. आत कागदात गुंडाळलेली तीन पेन्सची नाणी दडवलेली. ज्याच्या दाताखाली नाणं येईल तो नशीबवान. मावशीच्या भावाचा दातच गेला. ती चरबी गाईची असते हे कळल्यावर मी पहिल्या वर्षी ताटली तशीच ठेवली. कोणी काही बोललं नाही. पुढल्या वर्षी मोठ्या डंपलिंगशेजारी मुठीएवढं एक वेगळं होतं, वनस्पती तुपातलं, आणि त्यावर काडीला टोचलेला चिठोरा: ‘खालच्या घरासाठी’.

१९३९ च्या सप्टेंबरात, युद्ध तोंडावर येताच, ग्लासगोतली मुलं आगगाड्यांत घालून खेड्यापाड्यांत पाठवली. कोटाला नावाची चिठ्ठी आणि गळ्यात पुठ्ठ्याच्या डब्यात वायूचा मुखवटा. मावशी तेव्हा सहा वर्षांची. बॉम्ब काही पडेनात, तेव्हा नाताळाच्या सुमारास बहुतेक आया आपापली पोरं परत घेऊन आल्या. तिची आईसुद्धा. “गावाकडे दूध होतं, अंडी होती, पण स्वारी नव्हती,” असं ती सांगायची, आणि हे तिचं तेव्हाचं खरंखुरं दुःख होतं असा मला संशय आहे.

ब्लॅकआउटचं मला तिनं समजावून सांगायची गरज नव्हती. १९७१ च्या डिसेंबरात मी गिरगावात होते. काचांवर चिकटवलेले तपकिरी कागद, मोटारींचे अर्धे काळे केलेले दिवे, आणि कोणाच्या खोलीतून उजेडाची रेघ दिसली की गॅलरीतून उठणारी आरोळी, “अरे, लाइट बंद करा!” मी हे सांगितल्यावर मावशीनं तिच्या गल्लीतल्या वॉर्डनची नक्कल केली. आरोळी तीच, फक्त आवाज जास्त घोगरा. आमचं ब्लॅकआउट दोन आठवड्यांचं, तिचं पाच वर्षांहून जास्त.

त्या काळोखात हॅलोवीनची पंचाईत झाली. स्कॉटलंडच्या मुलांचा हा मोठा सण. सलगम पोखरून त्याचा कंदील करायचा (सलगम भोपळ्यासारखं मऊ नसतं, मावशीच्या चमच्याची दांडी वाकलेली मी पाहिली आहे), तोंडाला काजळी फासायची आणि घरोघर जायचं. पण नुसतं दार वाजवून खाऊ मिळत नाही. आत जाऊन प्रत्येकानं गाणं, कविता, नाच, काहीतरी करून दाखवायचं, मग सफरचंद आणि शेंगा. युद्धात कंदील पेटवता येईना, म्हणून पोरं विझलेलं सलगम हातात धरून अंधारात चाचपडत जायची आणि आत शिरून दार लागल्यावर काडी ओढायची. जळक्या सलगमाचा वास आला की मावशीला अजून कविता आठवते. तीच ती एक कविता. प्रत्येकाची एकेक ठरलेली असते आणि ती दुसऱ्यानं म्हणायची नाही, हा अलिखित नियम. चहापानातही तेच. आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये एक मुलगी दरवर्षी तोच कोळीनाच करायची, तिची आठवण मला इथे फार व्हायची.

हॉलच्या रंगमंचाला मागे एक काळा पडदा होता. जाड, खूप धुऊन करडा पडत चाललेला, तीन वेगवेगळ्या रुंदीच्या पट्ट्या जोडलेला. तो मावशीच्या आईच्या ब्लॅकआउटच्या पडद्यांचा. १९४५ च्या ८ मे रोजी रस्त्यात होळी पेटली, कोणीतरी पियानो बाहेर ओढून आणला आणि बायका खिडक्यांचे काळे पडदे आणून आगीत टाकायला लागल्या. मावशीची आई पडदे काखोटीला मारून उभी राहिली. “चांगलं कापड आहे,” एवढंच म्हणाली आणि घरात घेऊन गेली. पुढल्या स्वारीला ते रंगमंचावर लागले.

पिशव्यांचंही असंच. युद्धाआधी स्वारीचा शेवट ठरलेला असे. पाद्रीबुवांचे आभार झाले की पोरांनी रिकाम्या पिशव्या तोंडानं फुगवायच्या आणि सगळ्यांनी एकदम फोडायच्या. युद्धात कागदाची टंचाई आली. पिशवी फोडायची नाही, सपाट करून परत द्यायची, असा हुकूम निघाला. एका वर्षी मावशीला तिचीच आदल्या वर्षीची पिशवी मिळाली, कोपऱ्यावर जॅमचा डाग असलेली. तिला इतका आनंद झाला होता की चाळीस वर्षांनीही तो डाग केवढा होता हे ती अंगठा दाखवून सांगायची. फोडायची रीत युद्धानंतर परत आली, पण मावशी खाऊन झालं की पिशवी तळहातानं सपाट करायची, चार घड्या घालायची आणि पर्समध्ये टाकायची.

हॉलमध्ये दाराजवळच्या कोपऱ्यात एक बाई बसायच्या. मावशीपेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या. हसायच्या, चहा घ्यायच्या, पण आभारांच्या आधी कोट चढवून निघायच्या. तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की त्या उठल्या की पाद्रीबुवा लॉटरीचे नंबर फार सावकाश वाचायला लागतात. चष्मा काढतात, पुसतात, एकच आकडा दोनदा वाचतात. पोरं फुगवलेल्या पिशव्या मुठीत धरून गप्प. बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला की शेवटचा नंबर, आभार, आणि मग धडाधड पन्नास पिशव्या.

मी मावशीला विचारलं. ती कपबश्या विसळत होती. म्हणाली, “ती तेव्हा बँकहेड शाळेसमोर राहायची.” आणि पुढची बशी घेतली.

बाकीचं मला इतरांकडून कळलं. १३ मार्च १९४१, गुरुवार, लख्ख चांदणं. रात्री नऊच्या सुमारास भोंगे वाजले आणि हल्ला पहाटे सहाच्या सुमारापर्यंत चालला. जर्मन विमानांचा रोख तीनेक मैलांवरच्या क्लाइडबँककडे, तिथल्या गोद्या आणि कारखान्यांकडे होता. शिलाई यंत्रांच्या सिंगर कारखान्याची लाकडाची वखार पेटली, आणि तिच्या उजेडात पुढच्या विमानांना वाट विचारावी लागली नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा. क्लाइडबँकमध्ये ५२८ माणसं गेली. तिथल्या सुमारे १२,००० घरांतली जेमतेम सात-आठ शाबूत राहिली. नाइट्सवुडलाही त्याचा फटका बसला. बँकहेड शाळेत तेव्हा नागरी संरक्षणाच्या पथकांचं ठाणं होतं. ती शाळा बॉम्बखाली आली आणि मदतीला सज्ज बसलेली माणसंच मेली. मावशी त्या दोन्ही रात्री परसातल्या पत्र्याच्या अँडरसन शेल्टरमध्ये होती. अर्धं जमिनीत पुरलेलं, वर माती लोटलेलं, सहा माणसांसाठी. तिच्या वेळी नऊ होती. त्याचेच पन्हळी पत्रे आमच्या बागेत सायकली ठेवायच्या शेडला होते. मी त्यांच्या आडोशाला कुंड्यांत कोथिंबीर लावायची.

हे सगळं हॉलमध्ये मोठ्यानं बोललं जात नसे. पुरुषमंडळी फार तर ऑकेंटॉशनच्या व्हिस्कीच्या गोदामांवर बॉम्ब पडले त्याची हळहळ करत. तेवढ्यापुरतं रडायला हरकत नव्हती.

हॉगमनेला, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्री, आमच्या ह्यांचा भाव वधारायचा. बारा वाजून गेल्यावर घरात पहिलं पाऊल उंच, काळ्या केसांच्या पुरुषाचं पडावं, हातात कोळसा असावा, म्हणजे वर्ष चांगलं जातं. गल्लीत काळ्या केसांचे उरलेले दोघंही टकलू व्हायला लागले होते. मग दादरचा हा माणूस मफलर गुंडाळून अकरा पंचावन्नला बाहेर काढला जायचा. दर घरी केक आणि एक पेला. पाचव्या घरापर्यंत कोळसा कुठे ठेवला हे त्यांना आठवत नसे.

१९८४ साली आम्ही दहा-बारा मराठी घरांनी मिळून गणपती बसवायचं ठरवलं तेव्हा हॉल मावशीनं मिळवून दिला, पडद्यासकट. आमच्यातल्या एका काकूंनी लगेच नाक मुरडलं, “गणपतीच्या मागे काळं?” अर्धा तास वाद झाला. शेवटी त्यावर माझी हिरवी नऊवारी आडवी टाचली आणि प्रश्न मिटला. मावशी सकाळपासून एप्रन बांधून हजर. मोदक पाहून तिनं निकाल दिला, “हे तर छोटं डंपलिंग. नाणं कुठाय?” कोपऱ्यातल्या बाईंनाही ती घेऊन आली होती. त्या दाराजवळच बसल्या.

माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. कोणीतरी मुंबईहून त्याच्यासाठी टिकल्यांचं पिस्तूल आणलं होतं आणि आरतीनंतर ते उडवायचं असा चार पोरांचा बेत होता. मला पत्ताच नव्हता. आरती संपली, पोरं जमली, आणि त्यानं एकदा दाराकडे पाहून पिस्तूल खिशात घातलं. बाकीची पोरं दुसऱ्या भागातली, ती ओरडायला लागली. तो म्हणाला, “त्या आजी अजून गेल्या नाहीत.”

त्या बाई १९८८ च्या हिवाळ्यात गेल्या. पुढच्या मार्चला दाराजवळची खुर्ची मांडलेली होती, कोणी बसलं नाही. पाद्रीबुवा आता नवे, तरुण. त्यांनी नंबर भरभर वाचले, आभार मानले आणि पोरांकडे पाहिलं. पोरं पिशव्या धरून तशीच. एकदोघांनी मावशीकडे पाहिलं. ती पिंपाची तोटी पिळून बंद करत होती. तिनं मान हलवली. मग फुटल्या पिशव्या, नेहमीसारख्या, काही फुसक्या निघाल्या. मावशी खुर्चीवर येऊन बसली, तिची पिशवी मांडीवर घेतली, सपाट केली आणि चार घड्या घातल्या.