चिंगी माझ्याकडे येत नाही

संध्याकाळी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चहात टोस्ट बुडवला आणि आमची कुत्री चिंगी शेपटी हलवत त्यांच्या पायाशी जाऊन बसली. मी तिची वाटी घेऊन बाजूलाच उभी होते. मला पाहिलं आणि ती बाजेखाली सरकली. एवढंच झालं, पण तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

ती आजारी आहे, आणि तिच्या लेखी मी म्हणजे पाणी पाजायची सिरिंज. सुई काढलेली, ५ मिलीची. गालाच्या बाजूनं हळूच सरकवायची, समोरून घशात नाही, नाहीतर पाणी श्वासनळीत जातं. ओकारी थांबली म्हणून वाटीभर पाणी एकदम पिऊ दिलं तर पोट ताणतं आणि सगळं परत बाहेर येतं. म्हणून दर १५-२० मिनिटांनी ५-५ मिली. ४ किलोच्या जिवाला दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतंच, ओकारी-हगवणीत गेलेलं वेगळं.

दुखणं स्वादुपिंडाचं. तेलातुपाचं पोटात गेलं की ते उसळतं. पचनाचा रस आतड्यात पोचायच्या आधीच आतल्या आत कामाला लागतो आणि त्याच अवयवाला जाळतो. मग ती पुढचे पाय लांब करून छाती भुईला टेकवते, मागचा भाग वर. पोरांना वाटतं, खेळायला बोलावते आहे. पण खेळताना ती क्षणात उडी मारून पळते. दुखत असलं की तशीच थांबून राहते, पोट दगडासारखं आवळून.

मामाजी म्हणतात, "एवढ्याशा तुकड्यानं काय होते?" ६० किलोच्या माणसापुढे तिचं वजन पंधरावा हिस्सा. तिचा एक टोस्ट म्हणजे आपले पंधरा. हे त्यांना कसं सांगू? सांगते, तर घरात मीच वाईट.

आणि आज पोळा. कढई सकाळपासून उतरली नाही. वडे, भजी, पुरणाच्या पोळीवर तुपाची धार. तिच्यासाठी श्रावणातही कोंबडी शिजवावी लागते, म्हणून अंगणात तीन विटा मांडून वेगळा गंज ठेवला. आत्याबाई, माझ्या सासूबाई, काही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्याचं काय ते नंतर कधी.

कातडी नि चरबी काढलेलं छातीचं मांस, नुसत्या पाण्यात. मीठ, हळद, तेल काही नाही. कांदा-लसूण तर मुळीच नाही, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. भात मऊ, बोटानं चेपला जाईल असा. शिजलेला भात १०० ग्रॅम आणि मांस ५० ग्रॅम, तिचा दिवसभराचा आजारपणातला हिशोब एवढाच. त्याचे सहा वाटे करायचे. पहिल्या दिवशी पाव हिस्साच, पचलं तर वाढवायचं. संडास घट्ट व्हायला लागली की रोजचं खाणं आठवडाभरात थोडं थोडं मिसळत आणायचं. उपाशी ठेवा म्हणणारे भेटतात, पण एवढ्या लहान कुत्र्याला फार वेळ उपाशी ठेवलं तर साखर उतरते आणि ते झोकांड्या खायला लागतं.

रात्री उठून तिचा ओठ वर करून पाहते. हिरडी ओली आहे की चिकट? बोटानं दाबली की पांढरी होते, दोन सेकंदांच्या आत गुलाबी परतली पाहिजे. दुकानातल्या काट्यावर वजन करून आणते. २०० ग्रॅम उतरलं म्हणजे वजनाच्या पाच टक्के पाणी गेलं, आणि सलाईनचा हिशोबही वजनावरच. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-बैलांची रांग असते, तिथं आधी वजनच सांगायचं. लाल, रक्ताळलेली संडास किंवा काळी डांबरासारखी दिसली तर रांगही नाही, घरगुती उपायही नाही, लगेच सलाईन. ताईंनी परवा अंगदुखीची अर्धी गोळी आणून दिली, मायेनंच. पण माणसांच्या त्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, किडनी जाते. तीही परत केली. पुन्हा मीच नाही म्हणणारी.

एवढं सगळं करायचं आणि बाजेखाली सरकणं माझ्या वाट्याला. डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू.

पण तिनं तरी काय करावं? पोटात मळमळत असताना जे खाणं पुढे येतं, त्याचीच कुत्र्याला शिसारी बसते. वाटी तीच, कोपरा तोच, हात तोच, की पोट बरं झालं तरी ते तोंड फिरवतं. म्हणून तर मळमळ असताना जबरदस्तीनं भरवत नाहीत. आधी ओकारीचं औषध लागू पडू द्यायचं, मग वाटी बदलायची, जागा बदलायची, जमलं तर हातही.

तर हात बदलते. उद्या सकाळचा वाटा मामाजींकडे, ओसरीवर, स्टीलच्या ताटलीत, कोमट करून म्हणजे वास येईल. ते द्यायला बसले तर टोस्ट विसरतील. सिरिंज आणि रात्रीची हिरडी माझ्याकडे राहू दे. ते दुसऱ्या कोणाला जमणारही नाही.

उद्या तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतील, हातात खाऊ असेल आणि प्रत्येकाला चिंगीला काहीतरी द्यायचं असेल. दाराशी डबी ठेवते. उकडलेल्या कोंबडीचे वाटाण्याएवढे तुकडे, तिच्या ५० ग्रॅममधूनच काढलेले. ज्याला द्यायचं त्यानं त्यातलंच द्यायचं, आणि डबी संपली की संपली.